चमच्याची मूठ

"आधी पाठ टेकवा," डॉक्टर म्हणाले.

मी मागे स्टूल शोधू लागलो.

"तुमची नव्हे हो, पटाशीची. धारेमागचा हा उतार आहे ना, तो लाकडावर टेकवायचा. मग मागचा हात हळूच उचलायचा, की धार आपोआप लागते. एकदम टोक खुपसलंत तर लाथ मारेल."

आमच्या शेजारचे हे डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद केल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत लाकूड फिरवत ठेवून कोरायचं यंत्र, लेथ, बसवलं. मी जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं लावली. खिळा ठोकायचा म्हटला तरी मला दडपण येतं. शिकायला येण्याआधी लाकूडकामावरची दोन पुस्तकं वाचली होती, त्यामुळे भीती दुप्पट झाली होती.

पण गरज माझी होती. आजारपणानंतर हिच्या उजव्या हाताची बोटं अर्धीच मिटत होती. चमचा निसटायचा. मग मी भरवायचो आणि ही चार घासांत "पुरे" म्हणायची. भूक नसायची असं नाही, भरवून घ्यायची लाज वाटायची. कपडे अंगावर ढगळ होत चालले होते. रबरी मुठीचा चमचा आणला, तर "हा कुठल्या बाळाचा?" म्हणून तिने बाजूला सारला.

शेवटी डॉक्टरांनी कवळीसाठी ठसा घ्यायचा गुलाबी लगदा कालवून तिच्या मुठीत दिला.

"दाबा वहिनी. दुखलं तर ओरडा. कुणी ओरडलं नाही तर मला करमत नाही."

"हातात दात नाहीत, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं," ही म्हणाली.

त्या ठशावरून चमच्याची लाकडी मूठ कुठे जाड, कुठे बारीक हे ठरलं. "मीच करून देऊ का?" डॉक्टरांनी विचारलं. हो म्हणायचंच मनात होतं. तोंडातून "नको" निघालं.

पहिल्या लाकडात पटाशी रुतली आणि तुकडा उडून भिंतीवर आदळला. दुसरं लाकूड मी इतकं जपून कोरत होतो, की त्यातून नुसतं पीठ पडत होतं.

"लाकडाला गुदगुल्या करताय का?" डॉक्टर म्हणाले. "भार टाका त्याच्यावर. ते पेलतं."

मी श्वास सोडला. पाठ टेकवली, हात उचलला. खडखड थांबली, बारीक सळसळ सुरू झाली आणि लाकडाची एक लांब साल माझ्या मनगटावरून खाली लोंबली. मी थांबलो नाही.

संध्याकाळी त्यांनी स्टीलचा चमचा दांडा कापून त्या मुठीत बसवला, दातावर टोपी बसवायच्या सिमेंटने.

जेवताना मी तो हिच्या ताटाशी ठेवला आणि नेहमीसारखा तिच्या शेजारी बसलो. तिने मूठ उचलली. बोटं जेवढी मिटत होती तेवढी मिटली आणि मूठ त्यांत राहिली. पहिला घास अर्धा टेबलावर सांडला. मी पुढे झालो.

"हात मागे," ही म्हणाली.

दुसरा घास तोंडात गेला. मग तिसरा. मी मोजायचं सोडून दिलं.

"जरा वाकडी झालीय," ती मूठ निरखत म्हणाली.

"उद्या घासून देतो."

"आधी जेवू द्या." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि चिकटून काय बसलात? कोपर लागतंय तुमचं. समोर बसा की."

मी माझं ताट उचललं आणि टेबलाच्या पलीकडे गेलो. किती महिने मी तिला जेवताना बाजूनेच पाहत होतो. आता ती समोर होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. वाटीच्या तळाशी उरलेलं ती चमच्याने गोळा करत होती.

माझं जेवण गार झालं होतं. मी ते सावकाश जेवलो.