माउस चालू की बंद

"अरे, मी इथे टिचकी मारतेय आणि कर्सर तिकडेच ठाण मांडून बसलाय!" आतल्या खोलीतून बायको ओरडली.

"माउस बंद असतो त्यात. बाणांनी जा," तो जागेवरूनच म्हणाला.

टर्मिनलच्या, नुसत्या अक्षरांच्या काळ्या खिडकीत चालणारा, मजकूर लिहायचा तो एडिटर त्यानेच बनवलेला. नोकरीत दिवसभर पिचून उरलेल्या जिवावर तो त्याची देखभाल करायचा. नव्या आवृत्तीत माउस मुळातच चालू असावा की बंद, यावरून वापरणाऱ्यांत जुंपली होती. चालू ठेवला तर टिचकीसरशी कर्सर हलणार. पण मजकुरावरून माउस ओढून टर्मिनलमधून कॉपी करायची जुन्यांची सवय मोडणार. त्याचं ठरलेलं होतं, बंद. हात कीबोर्डवरून उचलायचाच कशाला?

आतून पुन्हा आवाज आला नाही, तेव्हा तो उठला. बायको भाषांतरं करायची. आजारपणात तिच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. बाणाची कळ ती मुठीच्या हाडाने दाबत होती. हे त्याने पाहिलं नव्हतं असं नाही; थांबून पाहिलं नव्हतं.

"आणि हे बघ. चांगला परिच्छेद कॉपी केला, मग एक फालतू ओळ पुसली. चिकटवायला गेले तर ती पुसलेलीच ओळ हजर! ठेवलेलं काय नि टाकलेलं काय, याला सगळं सारखंच."

"ते सेटिंग बदलता येतं."

"येतं रे. पण माहीत असेल त्यालाच ना?"

रविवारी त्याने दोन्ही बदललं. माउस चालू, पुसलेला मजकूर कॉपी केलेल्याच्या जागी, क्लिपबोर्डवर, जाणार नाही. संध्याकाळपर्यंत तक्रारींचा पाऊस पडला. कुणाला विचारून केलंत? भांडायचं त्राण त्याच्यात नव्हतं. प्रत्येकाला तेच लिहिलं: शिफ्ट दाबून ओढा, पूर्वीसारखी कॉपी होईल.

मग त्याने नवी आवृत्ती तिच्या संगणकावर चढवली. "आता तुला काही बदलावं लागणार नाही."

"बरं केलंस." ती खुर्चीत टेकली. "पण मी कामं थांबवलीत. परवाच कळवलं काम देणाऱ्यांना. ओढवत नाही आता."

"मला बोलली नाहीस?"

"तू आधीच दमलेला असतोस."

तिने पाठवून झालेलं शेवटचं भाषांतर उघडलं, एका शब्दाच्या मधोमध टिचकी मारली. डाव्या हाताने ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली. ओळ पुटपुटत वाचून पाहिली.

"ही चूक तशीच गेली बघ," ती म्हणाली, आणि फाइल जपून ठेवली.