मिसबाईचा ढावलो

१९६३ सालच्या फेब्रुवारीत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मिस फ्लोरा मॅकिनन लखीराम नायकाच्या तांड्यातून बैलावर उभी राहून सासरी गेली.

असं काही झालेलं नाही. मिशनच्या दप्तरात तशी नोंद नाही, मिसबाईला सासर नव्हतं, आणि त्या बैलाचा कासरा धरणारे मारोतराव मास्तर अजूनही सांगतात की त्या दिवशी आपण दारव्ह्याला खडू आणायला गेलो होतो. तेव्हा ते सोडून देऊ. गोष्ट खरं तर ब्लँकेटांची आहे.

"रुपे, हळू आपट वं! ब्लँकेट हाय का सवत हाय?" विहिरीवरून हंसाबाई ओरडली.

१९५७ चा हिवाळा होता. दारव्ह्यापासून सात मैलांवर मिशनचा बारा खाटांचा दवाखाना. आदल्याच वर्षी तो मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता आणि पुढे महाराष्ट्रात जायचा होता; प्रत्यक्षात तो चिंचेखालून कधी हलला नाही. रुपीबाई तिथे आया होती. वय चाळीसच्या आसपास, नवरा नाही, मूल नाही, आवाज मात्र तीन बायांना पुरेल एवढा. दर शनिवारी ती, हंसाबाई आणि तांड्यातल्या आणखी दोघीजणी दवाखान्याची बारा लाल ब्लँकेटं दगडावर आपटून धूत आणि आपटता आपटता गात. गाण्याशिवाय ब्लँकेटाचा मळ निघत नाही, हे तांड्यात सर्वांना ठाऊक होतं.

त्या शनिवारी मिसबाई मागच्या दारात येऊन उभी राहिली. ती दवाखान्याची मोठी नर्स. उंच, हाडकुळी, नाक बारमाही लाल. मराठी ती पुण्याच्या एका शास्त्रीबुवांकडून शिकली होती, त्यामुळे तिच्याशी बोलताना आपण कोर्टात साक्षीला उभे आहोत असं माणसाला वाटे.

"रुपीबाई," ती म्हणाली, "आपण हे जे करीत आहात, ते माझी आई करीत असे."

"तुमची आई बी आया होती?"

"नव्हे. आमच्या बेटावर लोकरीचे ओले कापड फळीवर आपटीत असत. बाया समोरासमोर बसत. एक गाई, बाकीच्या मागून म्हणत."

"मंग कापड फाटत नोतं?"

"उलट घट्ट होई. वारा आत शिरत नसे."

एवढं बोलून मिसबाईनं झगा गुडघ्यापर्यंत खोचला, ओल्या दगडासमोर बसकण मारली, ब्लँकेटाचं एक टोक धरलं आणि गायला लागली. आवाज फार चांगला नव्हता. पण आपटणं अचूक होतं. दोन ओळींत रुपीबाईनं चाल उचलली, चौथ्या ओळीला हंसाबाईनं विहिरीचा दोर सोडून दिला, आणि बादली आत गेली ती गेलीच.

"हे काई विंग्रजी नाई," रुपीबाई गाणं संपल्यावर म्हणाली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी काय नाही ते बरोबर ओळखू यायचं.

"नव्हे. ही आमच्या घरची भाषा. इंग्रजी आम्हांस शाळेत शिकवली. वर्गात घरची भाषा बोलल्यास छडी मिळे."

"घ्या! आमच्या लेकरायले बी घरची गोरबोली बोलले का मास्तर हान्ते." रुपीबाईनं मिसबाईकडे नव्यानं पाहिलं. एवढी वर्षं ती हिला साहेबाच्या घरची समजत होती. ही तर छडी खाल्लेली निघाली.

त्यानंतर शनिवार बदलला. मिसबाई कामं आटोपून मागे येऊ लागली. तिच्या बेटावर गाणी दोन प्रकारची होती, असं तिनं सांगितलं. एक देवळातली. तिथे पेटी नाही, तबला नाही. एक म्हातारा स्तोत्राची ओळ उचलतो आणि सगळी मंडळी ती आपापल्या वळणानं मागे ओढत नेतात, जसे एका वाटेनं निघालेले पण एकमेकांची घाई नसलेले लोक. दुसरी ही कापडाची. ती पाद्र्यांना खपत नसत, कारण त्यांत बहुतेक होड्या आणि परगावचे तरुण असत. ही दोन्ही एका खोलीत कधी बसली नव्हती.

"काहून?" रुपीबाईनं विचारलं. "देव कापडं घालत नाई का?"

याचं उत्तर शास्त्रीबुवांनी शिकवलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मिसबाईनं 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे स्तोत्र देवळातल्या लांब चालीत म्हणून दाखवलं, आणि रुपीबाईनं ते तसंच उचलून दगडावर आपटलं. मिसबाई आधी लाल झाली. मग तिनं दाराकडे पाहिलं, बेट पाच हजार मैलांवर आहे याची खात्री करून घेतली, आणि दुसरं टोक धरलं.

शब्दांवर मात्र घोळ झाला.

"मेंढपाळ कायले?" रुपीबाई म्हणाली. "आमच्या तांड्यात एक मेंढरू नाई. आमच्या बापजाद्याईनं बैलावर मीठ, धान्य लादून मुलूख पालथा घातला. म्होरं चाले तो नायक. पाणी कुठी, चारा कुठी, डाकू कुठी, सारं त्याले मालूम. देव असन तं नायकच असन."

मिसबाईनं रात्रभर विचार केला म्हणतात. सकाळी तिनं परवानगी दिली. मग गाणं असं झालं: 'देव मारो नायक, मन काई कमी.' देव माझा नायक, मला काय उणं. पुढे बैल होते, मिठाची गोणी होती, अंधाराचा घाट होता. चाल बेटावरची, ठेका दगडाचा, बोली तांड्याची, देव सगळ्यांचा.

आता मारोतराव मास्तर. हे मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि रविवारच्या उपासनेचे चालक, कारण पाद्री वर्षातून तीनदाच येत. ख्रिस्ती होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. नाव बदलायचं तेवढं राहून गेलं होतं. पेटी तेच वाजवत आणि पुस्तकाबाहेर जात नसत.

"मिससाहेब, माफ करा," ते मिशनच्या पंचांच्या बैठकीत उभं राहून म्हणाले. "पुस्तकात एकशे ब्याऐंशी गीतं हायत. एकातही ब्लँकेट नाई."

"पुस्तकात पेटी आहे काय, मास्तर?" मिसबाईनं विचारलं. "आमच्या देवळात पेटी वाजविणारास बाहेर काढीत."

मास्तरांनी पेटीवर हात ठेवला, जसा माणूस लेकराच्या डोक्यावर ठेवतो. बराच खल होऊन ठराव झाला: उपासनेत महिन्यातून एकदा सदर गीत म्हणावं, ब्लँकेट आपटण्यास हरकत नाही, मात्र ते कोरडं आणि धुतलेलं असावं.

पहिल्याच रविवारी लखीराम नायक पागोटं बांधून पुढच्या बाकावर येऊन बसला. तो ख्रिस्ती नव्हता आणि होणारही नव्हता. पण मिशनवाल्यांनी आपल्यावर गाणं केलंय, असं त्याच्या कानावर आलं होतं.

"नायक, ते गाणं देवावर हाय," रुपीबाई हळूच म्हणाली.

"म्या कुठी नाई म्हन्लं?" लखीराम म्हणाला. "पन नाव तं माहंच घेतलं ना?" पुढली पाच वर्षं त्यानं एकही पाळी चुकवली नाही. परदेशातल्या मंडळाचे एक तपासनीस साहेब एकदा येऊन सारं ऐकून गेले. त्यांनी अहवालात लिहिलं: ब्लँकेटे समाधानकारक, गायन अनियमित.

१९६२ च्या डिसेंबरात मंडळाचं पत्र आलं. मिस मॅकिनन यांची साठ वर्षं पूर्ण झाल्यामुळे त्यांना सेवेतून मोकळं करण्यात येत आहे. फेब्रुवारीत त्यांनी मायदेशी परतावं.

त्या शनिवारी मिसबाई दगडासमोर बसली आणि तेच गाणं गायली. पण आपटलं नाही. ब्लँकेट मांडीवर घेऊन, एकेक ओळ लांब ओढत, तिच्या देवळात म्हणत तशी. रडत होती की नाही ते सांगणं कठीण, नाक नेहमीच लाल असायचं. हंसाबाईचे हात थांबले. तिनं रुपीबाईकडे पाहिलं. रुपीबाईनं तिच्याकडे.

"हा तं ढावलो झाला वं," हंसाबाई म्हणाली.

ढावलो म्हणजे तांड्यातली नवरी सासरी निघताना आईच्या, भावाच्या, शेजारणीच्या गळ्यात पडून रडत रडत गाते तो. ज्या बाईनं ढावलो गायला, ती निघाली. त्यात दुसरा अर्थ नसतो.

"मिसबाई, तिकडे कोन हाय तुमचं?" रुपीबाईनं विचारलं.

"कोणी नाही. भाऊ होता, तो गेला. घराचे छप्पर पडले आहे. मंडळ एका वसतिगृहात जागा देणार आहे."

"म्हंजे मंडळच नेऊन राह्यलं."

"तसे म्हणता येईल."

संध्याकाळी रुपीबाई नायकाच्या ओट्यापाशी उभी होती. "इले दूर देशी नेऊन राह्यले. तिथं आई नाई, भाऊ नाई. नेनारे कधी पाह्यले नाई, घर कसं ते मालूम नाई, अन् जा म्हन्लं का जावंच लागते. नायक, याले काय म्हन्ते?"

लखीराम नायकानं चिलीम बाजूला ठेवली. "याले सासर म्हन्ते."

"मंग तिची पाठवनी कोन करन?"

"नवरदेव कोन पन?" नायकाच्या बायकोनं, लालीबाईनं, आतून विचारलं.

"मंडळ," रुपीबाई म्हणाली.

तांड्यात याहून वाईट नवरदेव पाहण्यात आले होते.

रुपीबाईला ही एवढी तळमळ का, ते हंसाबाईला ठाऊक होतं. पटकीच्या साथीत रुपीबाईचे आईबाप एका आठवड्यात गेले, आणि तिला तिसऱ्या दिवशी एका चुलत्यानं गाडीत घालून सासरी पोचतं केलं. तिनं ढावलो गायला नाही, कारण गळ्यात पडायला कोणी उरलं नव्हतं. बैलावर चढवलं नाही, कारण बैल गाडीला जुंपला होता. ती सासरी गेली नव्हतीच, असं ती म्हणायची. तिला नुसतं हलवलं होतं.

"म्या जिती हाय तंवर हिले कोनी हलवनार नाई," ती म्हणाली. "जाईन तं वाजतगाजत जाईन."

मिसबाईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "माझा विवाह होत नाही, हे आपणांस ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय. म्हनूनच तं."

तर फेब्रुवारीतल्या त्या सकाळी, जी आलीच नाही, रुपीबाईनं आपल्या संदुकीतला आरशांचा घागरा मिसबाईला झग्यावरून नेसवला. तो तिच्या पोटरीपर्यंतच आला. नायकाचा पांढरा बैल शिंगांना रंग लावून उभा होता. मिसबाईला वर चढवायला चार बाया लागल्या, आणि उभं ठेवायला सहा. कासरा धरायला माणूस मिळेना, कारण मिसबाईचा भाऊ म्हणून कोण उभं राहणार? तेव्हा शाळेच्या बाजूनं मारोतराव मास्तर आले. अंगात उपासनेचा काळा कोट होता.

"मास्तर, हे पुस्तकात नाई," हंसाबाई म्हणाली.

"म्या खडू आनाले चाल्लो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कासरा हातात घेतला.

बैलावर उभ्या नवरीनं माहेराला आशीर्वाद द्यायचा असतो. मिसबाईनं खाली पाहिलं, दवाखान्याकडे पाहिलं, दोरीवर वाळणाऱ्या ब्लँकेटांकडे पाहिलं, आणि नायकाचं गाणं उचललं. तिनं ओळ म्हटली की खालच्या बाया ती ढावलोच्या हुंदक्यात मागे ओढत होत्या. अर्ध्यात तिची बेटावरची भाषा लागली, अर्ध्यात त्यांची. शब्द कुणाचे कुठे संपतात ते कुणाला कळलं नाही, आणि मास्तरांनी पेटी आणली नव्हती, तेही बरंच झालं. रुपीबाईनं तिच्या पायाला मिठी मारली, कारण गळा फार उंचावर होता. मिसबाईनं वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा सहाही बायांना जोर लावावा लागला.

दारव्ह्याची गाडी त्या दिवशी वेळेवर आली. ती तशी कधी येत नसे.

नंतर नवी नर्स आली. तिनं ब्लँकेटं कढत पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत सुरू केली, आपटायची गरज राहिली नाही. लखीराम नायक दोन रविवार येऊन बसला, मग यायचा थांबला. मास्तर एकशे ब्याऐंशी गीतं पाळीनं वाजवत राहिले.

श्रावण लागला तशी रुपीबाई शाळेत गेली. "मास्तर, लेक सासरी गेली का पह्यली दवाळी माहेरी कर्ते. आनाले मुऱ्हाळी पाठवा लागते. मंडळाले लिवा."

मास्तरांनी लिहिलं. आश्विनात उत्तर आलं: मिस मॅकिनन सेवानिवृत्त असून त्यांच्यासंबंधी सदर कार्यालयाशी पत्रव्यवहार बंद समजावा.

मास्तरांनी ते दोनदा वाचून दाखवलं. त्यांना वाटलं, आता ही रडेल.

"सासरचे पह्यल्यांदा नाईच म्हन्ते," रुपीबाई म्हणाली. "माह्या वाट्याले कधी मुऱ्हाळी आला नाई, म्हनून मले मालूम हाय, कोनी मांगतलंच नाई तं कोन पाठवन? पुन्हा लिवा. चांगल्या भाषेत लिवा."

मास्तरांनी नवा टाक काढला, कोट घातला, आणि चांगल्या भाषेत लिहिलं:

"मा. चिटणीस साहेब, परदेश मिशन मंडळ, यांचे सेवेशी. अर्जदार रुपीबाई, राहणार लखीराम नायक तांडा, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हिचा सविनय अर्ज ऐसा जे, आपले ताब्यात असलेली आमची लेक नामे फ्लोरा हीस पहिल्या दिवाळीकरिता माहेरी पाठविण्याची तजवीज व्हावी. आमचा मुऱ्हाळी, लखीराम नायकाचा मुलगा किसनसिंग, बैलगाडीसह दारव्हा स्टेशनापर्यंत हजर राहील. त्यापुढे समुद्र असल्यामुळे तेवढा प्रवास मंडळाने सोबत देऊन करवावा. सण आटोपताच तीस सुखरूप परत पोचती करण्याची हमी तांडा घेत आहे. दिवाळी या साली जमत नसल्यास पुढील साली, अथवा त्यापुढील कोणत्याही साली पाठविण्यास अर्जदाराची हरकत नाही. तरी याबाबत योग्य तो हुकूम होऊन कळविण्याची मेहेरबानी व्हावी, ही विनंती. निशाणी डाव्या हाताचा अंगठा."