काय काढायचं ते सांगा

आमच्या हवालदाराने घरमालकीणबाईंच्या चपलांवर पुन्हा एकदा फवारा मारला, तेव्हा त्या नाकाला रुमाल लावून जिना चढून आल्या. "याचं ते करून आणा," त्या म्हणाल्या, "नाही तर मांजराला दुसरं घर बघा!" हवालदार म्हणजे आमचा बोका. जिन्यावरून सारखी गस्त घालतो म्हणून हे नाव.

'ते' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना कळलं, पण उच्चारायला कोणी तयार होईना. माझ्या नवऱ्याला तर लगेच ऑफिसचं काम आठवलं. उरलो मी आणि सासरे.

सासरे शिंपी. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण अवयवाचं नाव कधी तोंडातून निघालं नाही. पँटीच्या दोन पायांच्या मधल्या भागाला शिंपी 'आसन' म्हणतात, त्याच्यापलीकडे त्यांची जीभ कधी गेली नाही. दुकान बंद केल्यापासून हवालदार त्यांच्या मशीनवर बसतो आणि ते दिवसभर त्याच्याशी बोलतात. आमच्याशी 'हं' आणि 'बरं'. बोका गेला असता तर तेवढंही बोलणं उरलं नसतं, आणि मला त्याची खरोखर धास्ती वाटत होती.

बोक्याला पिशवीत घालताना धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी गत झाली. शेवटी सासऱ्यांनी त्याला आपल्या जुन्या कोटात गुंडाळलं.

दवाखाना खचाखच भरलेला. डॉक्टरीणबाईंनी बोक्याला तपासलं आणि विचारलं, "काय करायचंय याचं?"

"ते आपलं... नेहमीचं," सासरे म्हणाले.

"नेहमीचं म्हणजे? केस कापू?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"ऑपरेशन हो, ऑपरेशन."

"ऑपरेशन दाताचंही असतं, काका. माझ्याकडे एक नियम आहे. मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, काय काढायचं. मागे एकजण मोघम सांगून गेला आणि नंतर भांडायला आला, हे काढायला कोणी सांगितलं होतं म्हणून."

सासऱ्यांनी घाम पुसला. मग खाजगी आवाजात म्हणाले, "त्याचं आसन जरा... कमी करा."

"काका, मी बोका कापणार आहे, कापड नाही!"

आता अख्खा दवाखाना हसत होता, एक कुत्राही भुंकायला लागला. मला तर हसू दाबता दाबता उचकी लागली. सासऱ्यांनी एकदम सुटका सापडल्यासारखं म्हटलं, "नसबंदी! नसबंदी करा!"

"सगळे हाच शब्द वापरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण नसबंदीत नुसती नळी बांधतात. पिल्लं होणार नाहीत, बाकी सगळं चालूच. मारामाऱ्या, ओरडणं, फवारेही."

"फवारेही?"

"फवारेही. ते थांबवायचे तर खच्चीकरण लागतं. मांजरी असती तर तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढली असती. दोन्हीला मिळून म्हणायचं निर्बीजीकरण. याचं नेमकं काय काढायचं, ते मात्र तुम्ही बोला."

मी म्हटलं, "बाबा, मी सांगू का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. कोटातून हवालदाराचं डोकं बाहेर आलं होतं आणि तो त्यांच्या हनुवटीला डोकं घासत होता. सासऱ्यांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि असे ओरडले की रस्त्यावरची माणसं थबकली:

"वृषणं! दोन्ही! मुळासकट!"

दवाखान्यात टाळ्या पडल्या. अगदी खरं सांगते, टाळ्या.

ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की अंगातला जोर ओसरायला काही आठवडे जातात, तोवर वास येऊ शकतो. तो आलाच. मालकीणबाई रुमाल घेऊन पुन्हा दारात.

"केलं म्हणाला होतात ना? मग हे काय? मी काही ऐकणार नाही, आजच्या आज—"

मी त्यांची माफी मागू लागले. सासरे मात्र मशीनवरून उठले. हवालदार त्यांच्या खांद्यावर.

"बसा," ते म्हणाले. "सांगतो. तुम्हाला वाटतं तशी ही नसबंदी नव्हे. हे खच्चीकरण. यात काय करतात, तर वृषणांची पिशवी असते ना, तिला बारीक चीर देऊन एक वृषण बाहेर—"

"अहो, काय हे!"

"—मग दुसरं वृषण. आता वृषणं नाहीत, पण वृषणांतून आलेला जोर अजून रक्तात आहे. थांबा, खडूने काढून दाखवतो."

त्यांनी खरोखरच शिंप्याचा खडू उचलला. मालकीणबाईंनी रुमाल नाकावरून काढून कानाला लावला.

"राहू द्या हो, राहू द्या त्याला! कायमचा राहू द्या!" आणि त्या दोन दोन पायऱ्या सोडत खाली गेल्या.

मी हसून हसून लादीवर बसले. सासरेही हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी खडू जागेवर ठेवला आणि हवालदाराला पोटाशी धरलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "चहा टाक. तुला सगळं पहिल्यापासून सांगतो."

त्या दिवशी ते माझ्याशी अंधार पडेपर्यंत बोलत होते.