तोफेसाठी कालवलेली वाळू

रंगाच्या पिंपात वाळूचं पाचवं घमेलं उपडं करताना रंगवालीच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की बघणाऱ्याला वाटावं, बाई नातवाला न्हाऊ घालतेय.

एरवी ती चारच घमेली घालायची, तीही साखरेसारखी बारीक. टेनिसच्या कोर्टाला जो रंग देतात, त्याची सगळी गंमत त्यात कालवलेल्या वाळूत असते. बारीक नि थोडी असली की चेंडू टप्पा पडताच सुसाट निसटतो. जाड नि भरपूर असली की कोर्ट चेंडूला धरून ठेवतं, त्याची लव उभी राहते, तो फुगतो नि आणखीच रेंगाळतो. रंगवालीने या खेपेला जाड वाळू मागवली होती, मुद्दाम, तोफेसाठी.

तोफ म्हणजे तो नावाजलेला खेळाडू. त्याची सर्व्हिस इतकी जोराची, की पहिल्या रांगेतल्या बायका पदर, टोप्या, काय असेल ते धरून बसायच्या. अकरा वर्षांपूर्वी याच मैदानावर तो हरला आणि भर माइकवर म्हणाला, "हे कोर्ट नाही, चिखल आहे. ज्या म्हाताऱ्याने केलं त्याला म्हशी धुवायला पाठवा." लोक पोट धरून हसले. तो म्हातारा रंगवालीचा बाप. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने त्याला घरी बसवलं, आणि तो असा बसला, की अकरा वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेला नाही. त्या दिवसापासून रंगवालीने तोफेवर दात धरला होता.

"चिखल म्हणाला ना?" ती पिंप ढवळत पुटपुटली. "मग आता रुतून बस."

कोर्ट वाळलं. तपासणीवाल्याने यंत्र लावून चेंडू आपटून पाहिले आणि म्हणाला, "मंद आहे, पण नियमात बसतंय." मंद म्हणजे किती? टप्पा पडला की चेंडू जरा दम खायचा, इकडेतिकडे बघायचा आणि मग निघायचा.

तोफेच्या पहिल्या सामन्याला रंगवाली चेंडूंच्या खोलीच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. ती खोली तिची मावशी सांभाळायची. डबे मोजायचे, ठरल्या वेळी फोडायचे, चेंडू पंचाकडे पाठवायचे.

सामना सुरू झाला आणि रंगवालीच्या तोंडचं पाणी पळालं. तोफ जोर लावतच नव्हता. हळूच सर्व्हिस, मग गोगलगाईसारखे फिरवलेले फटके, मध्येच जाळ्यापाशी टाकलेला नाजूक चेंडू. समोरचा धावून धावून आडवा.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"अगं, तुला कुणी सांगितलं नाही?" मावशी डबा फोडत म्हणाली. "दोन वर्षं झाली, त्याचा खांदा गेलाय. तोफेतली दारू संपली. आता तो असाच लोणी लावल्यासारखा खेळतो. त्याला मंद कोर्ट म्हणजे गादी."

"गादी?"

"आणि तू कापूस भरून दिलीस. पाचव्या घमेल्याची अक्कल कुणाची?"

अकरा वर्षं रंगवालीने त्या माणसाला डोक्यात जसाच्या तसा जपून ठेवला होता. तो मधल्या काळात म्हातारा होईल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. वर कडी म्हणजे जिंकल्यावर तोफ माइकवर म्हणाला, "ज्याने हे कोर्ट केलं त्याचे हात धुऊन पाणी प्यावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन तिने बापाला सगळं सांगितलं. बाप भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. मान न वळवता म्हणाला, "जाड वाळू किती घातलीस?"

"पाच घमेली."

"गाढव आहेस."

"माहितीये, बाबा."

"अंतिम सामना कधी?"

"पाच दिवसांनी. समोर तो लंबू येणार, असं म्हणतात. एकोणीस वर्षांचा आहे. त्याची सर्व्हिस दिसत नाही, नुसती ऐकू येते."

बाप उठला आणि चपला शोधू लागला. "वाळू घालता येते तशी झिजवताही येते. किंतानं कुठे आहेत?"

कोर्ट धुणं रंगवालीच्याच कामात होतं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. रोज उजाडताच बाप-लेक गोणपाटाचं ओलं किंतान पसरायचे, त्यावर विटा रचायचे आणि दोरी खांद्यावर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचे. तिसऱ्या दिवशी मावशीही आली. स्वतःच विटांवर बसली. म्हणाली, "माझं वजन एरवी कुणाच्या उपयोगी पडतंय?"

व्यवस्थापक डोळे चोळत आला. "रोज एवढं घासता?"

"तुमचे पाहुणे बुटांना काय काय लावून येतात, साहेब."

"आणि हे आजोबा कोण?"

"मदतीला आणलेत," रंगवाली म्हणाली. ज्याने बाबांना घरी बसवलं, त्याला त्यांची ओळखही नव्हती. तिने दोरीला असा हिसका दिला, की मावशी विटांसकट दोन हात पुढे गेली.

कोर्ट पुरतं झिजेपर्यंत तोफ मधले सामने जिंकत अंतिम सामन्यात पोचला. पण त्या दिवशी कोर्ट असं झालं होतं, की माशी बसली तर घसरून शेजारच्या कोर्टावर जावी. लंबूने पहिली सर्व्हिस केली. चेंडू टप्पा पडून मागच्या पडद्याला लागला, परत आला, आणि तेव्हा कुठे तोफेने रॅकेट उचलली. त्याचे नाजूक चेंडूही आता जाळ्यापाशी मरेनात; लंबूच्या पायाशी घसरत जायचे नि तो त्यांना झोडपायचा. लव काही उभी राहत नव्हती, चेंडू गोटीसारखे कडक. अठ्ठेचाळीस मिनिटांत खेळ खलास.

तोफ तणतणत कडेला आला. "कोर्ट बदललंय. काच आहे ही काच. कुणी केलं?"

म्हातारा पुढे झाला. "मी."

"तुम्ही कोण?"

"अकरा वर्षांपूर्वी तुम्ही मला म्हशी धुवायला पाठवलं होतं. धुऊन झाल्या. आलो परत."

तोफ तरातरा पंचाकडे गेला नि कोर्टाकडे बोट दाखवू लागला. पंचाने तपासणीवाल्याला बोलावलं. त्याने चेंडू आपटले, यंत्र पाहिलं. "वेगवान आहे, पण नियमात बसतंय. आणि लंबूही याच कोर्टावर खेळला." आसपासचे लोक हसू लागले. तोफेचे कान लाल झाले. ते लाल कान रंगवालीने डोळे भरून पाहिले. तिला वाटलं, चौकट करून भिंतीवर लावावेत.

तिने हळूच विचारलं, "कसं वाटतंय, बाबा?"

बाप गुडघ्यावर बसून कोर्टाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "या बाजूला तुझा रंगाचा दुसरा हात पातळ लागलाय," तो म्हणाला. "उद्या सकाळी पिंप काढ. आणि ढवळायचं काम माझ्याकडे."