हरण्याचा विटाळ

घरात गुडघाभर पाणी होते आणि प्यायला घोटभर नव्हते.

सन अठ्ठेचाळीसच्या कार्तिकात मुंबईच्या किनाऱ्यावर आदळलेले चक्रीवादळ घाट चढून वर आले आणि पावसासाठी सदा आभाळाकडे पाहणाऱ्या राहात्याकडच्या गावांवर दोन दिवस कोसळत राहिले. गोदावरीकाठच्या पिंपळटाक गावातून पूर ओसरला तेव्हा शाळू चिखलात आडवा झाला होता, निम्म्या भिंती बसल्या होत्या, आणि गावविहिरीत आबासाहेब पाटलांचा हरण्या बैल पोट वर करून तरंगत होता. फुगून त्याचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. शिंगांवर पोळ्याचा हिंगूळ मात्र अजून शाबूत होता.

आबासाहेब काठावर उभे राहून लहान मुलासारखे रडले. ते रडणे खोटे नव्हते. पोळ्याला याच बैलाला त्यांनी स्वतःच्या हाताने पुरणपोळी भरवली होती, आणि त्यांच्या पत्नीने, चांगुणाबाईंनी, त्याच्या खुरांवर पाणी घालून ते डोळ्यांना लावले होते. पण हात लावून त्याला वर काढावे, हे दोघांच्याही मनात आले नाही. जिवंतपणी पूज्य असलेला बैल प्राण जाताक्षणी अस्पर्श होतो, असे गावाचे शास्त्र होते. ते कोणी वाचलेले नव्हते, म्हणूनच ते पाळताना कोणाची चूक होत नसे.

मेलेले जनावर ओढणे हे वेशीबाहेरच्या वस्तीचे काम. त्या वस्तीने आजोबांच्या काळात ख्रिस्ती धर्म घेतला होता. गावाने त्यांना नावे बदलू दिली, काम बदलू दिले नाही. ते त्यांनी चार वर्षांपूर्वी आपणहून सोडले. गावविहिरीची पायरी त्यांना पूर्वीपासून बंदच होती, म्हणून त्यांनी वरच्या माळावर कातळ फोडून स्वतःची विहीर खोदली. पूर तिथपर्यंत चढला नव्हता.

पाटलांनी वस्तीवरच्या मोझेसला चावडीवर बोलावून घेतले. पन्नाशीचा हा मनुष्य प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर वस्तीच्या मुलांना अक्षरे शिकवीत असे. तो नेहमीप्रमाणे पायरीखाली उभा राहिला.

“मोशा, माणसं घेऊन ये. बैल काढायचाय.”

“बैल तुमचा हाय, पाटील. तुमीच काढा.”

पाटलांचा चुलतभाऊ गोरक्ष खदखदून हसला. “ऐकलं का आबा? येशूनं याची जीभ लांबवली.”

“जीभ तेवढीच हाय, गोरक्षराव. आदी हितं उघडायची सोय नव्हती, म्हणून दिसली न्हाई तुमाला.” मोझेस पाटलांकडे वळला. “पानी मागा, देतो. माळावरची हीर चोख हाय. कवाबी या, घागरी भरून न्या, कुनी आडवनार न्हाई. पन मढं ओढनार न्हाई.”

“तुमचं पानी पिऊन बाटायचं व्हय आमी?”

“आनि आता पिताय त्यानं न्हाई बाटत?”

बैल विहिरीच्या एका कडेला आणि घागर दुसऱ्या कडेला, असा हिशेब करून गाव सकाळपासून तेच पाणी धोतराच्या पदराने गाळून पीत होते. सरपण भिजलेले असल्याने ते उकळण्याचीही सोय नव्हती.

“पाटील, एक इचारतो,” मोझेस म्हणाला. “थोरले पाटील गेले, तवा खांदा कुनी दिला?”

“मीच दिला. मग?”

“इटाळ किती दीस धरला?”

“धा दीस. समद्यांना ठावं हाय ते.”

“धा दिसांनी अंगुळ केली, गेला इटाळ. माझ्या बापानं जल्मभर तुमच्या गोठ्यातली मढी ओढली. अंगुळ त्यो बी रोज करायचा. त्याचा का गेला न्हाई? त्याचा ऱ्हाऊ द्या, माझ्या पोरांच्या अंगावर त्यो कुठनं आला? त्यांनी तर मेलेलं कोकरू बी उचललं न्हाई कदी.”

प्रश्न सरळ होता. अशा प्रश्नांसाठीच चावडीच्या खुंटीला आसूड टांगलेला असतो. आबासाहेबांनी तो काढला. पहिल्या फटक्याने मोझेसच्या गालाचे कातडे उकलले. दुसरा मानेवर बसला. तिसऱ्याला त्याने डावा हात आडवा धरला, तेव्हा आबासाहेबांनी आसूड उलटा करून दांडक्याने घाव घातला, आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज सर्वांनी ऐकला. मोझेस चिखलात पडल्यावर गोरक्षाने त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. एवढ्याने समाधान झाले नाही म्हणून दहा-बारा जण वस्तीवर गेले. त्यांनी चुली फोडल्या, मडकी फोडली, मोझेसची बायको मरिया आडवी आली तर तिला केसांना धरून दारातून रस्त्यापर्यंत फरफटत नेले. परत येताना ते थकले होते. तहान लागली, म्हणून त्यांनी गावविहिरीचे पाणी काढले, नीट गाळले, आणि प्याले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाटलांच्या धाकट्या भावाला, काकासाहेबाला, पटकी झाली. राहात्याच्या आखाड्यात दोघांना अंगावर घेणारा तो पंचविशीतला गडी. दिवस वर येईपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, पोटऱ्यांना गोळे आले, आवाज फाटला. “आबा, पानी,” एवढाच एक शब्द त्याच्या तोंडी राहिला. घरातले पाणी दिले की ते पोटात ठरत नव्हते, आणि त्याचा वास आता गाळूनही जात नव्हता.

चांगुणाबाई कोणाला न सांगता घागर घेऊन माळावर गेल्या. विहिरीवर मरिया होती. कपाळाला चिंधी, चिंधीवर वाळलेले रक्त. पाटलीणबाईंना पाहून तिने पोहरा सोडला, घागर काठोकाठ भरली आणि उचलून त्यांच्या डोक्यावर दिली.

आबासाहेबांनी चांगुणाबाईंना दारातच गाठले. “कुठलं पानी हाय हे?”

“माळावरचं.”

“माज्या घरात?”

“धनी, भाऊ मरतुया तुमचा. सरा बाजूला.”

त्या घागर टेकवतात तोच आबासाहेबांनी लाथ मारली. तांब्याची घागर घणघणत भिंतीवर आदळली आणि स्वच्छ, गार, कातळातले पाणी पुरानंतर नव्याने सारवलेल्या जमिनीवर पसरले. तेवढ्यात अंथरुणातून आवाज झाला. काकासाहेब उठू शकत नव्हता. तो कोपरांवर सरपटत आला, जमिनीला तोंड लावले, आणि शेणामातीत मुरत चाललेले ते पाणी जिभेने चाटू लागला.

वाचकहो, बाटणे म्हणजे काय ते आबासाहेबांनी त्या क्षणी पाहिले!

त्यांच्या आईचा धाकटा मुलगा जनावरासारखा जमीन चाटत होता, आणि त्याला त्या ठिकाणी आणणारा पाय त्यांचा होता. “चांगुणे, जा, पळ, भरून आन,” ते ओरडले. त्या पळाल्या. दुसरी घागर आली तेव्हा भावाची दातखीळ बसली होती. पाणी ओठांवरून गळून उशीत गेले. तिसऱ्या प्रहरी काकासाहेब संपला.

ओल्या लाकडांवर तो नीट जळलाही नाही. नदीकाठी दुर्गंध, धूर आणि गिधाडे. तिथून घरी न जाता आबासाहेब मोटेचा जाडजूड दोर, नाडा, खांद्यावर टाकून थेट गावविहिरीवर गेले. मंडळी मागोमाग आली.

“आबा, सुतक हाय,” गोरक्ष म्हणाला. “हिरीला शिवू नका.”

“बैल शिवलाय की तिला चार दीस.”

“अवं, पन आपल्यात कुनी असलं...”

“आताच काकाला खांदा दिला न्हवं तू? त्यो चालला. ह्यो माजा दुसरा भाऊ. सात वर्सं ह्यानं घास घातला मला.”

ते पायऱ्या उतरले. छातीभर पाण्यात जाऊन त्यांनी हरण्याच्या कमरेला नाडा गुंडाळला. हात लावताच कातडे बोटांबरोबर सुटून आले. ते ओकले, पुन्हा गाठ मारली, आणि वर पाहून म्हणाले, “वढा.”

नाड्याचे टोक काठावर पडून होते. त्याच्याभोवती चाळीस तगडे पुरुष उभे होते. एकही हात पुढे आला नाही. मग गर्दीतून चांगुणाबाई आल्या. त्यांनी पदर खोचला, टोक उचलले, पाय रोवले. एकट्या बाईने बैल हलतो थोडाच! नाडा तळव्यांतून सरकला, कातडी सोलली, नाड्यावर रक्त उतरले. त्यांनी सोडला नाही. तेव्हा कोण्या म्हाताऱ्याने खाली मान घालून हात लावला, मग दुसऱ्याने, मग जी तगडी माणसे लाथा मारायला कोणाची वाट पाहत नव्हती तीही आली. गोरक्ष सर्वांत शेवटी. हरण्या पायऱ्यापायऱ्यांवर आपटत वर आला. त्याला माळरानापलीकडे नेऊन आबासाहेबांनी स्वतः खड्डा केला आणि पुरला.

नंतर ते त्याच अंगाने माळावरच्या विहिरीकडे गेले आणि दूर, पायरीखाली उभे राहिले. गळ्यात हात बांधलेला मोझेस कट्ट्यावर बसला होता.

“मास्तर,” आबासाहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी त्याला पहिल्यांदाच लावला. “पानी घाला.” आणि त्यांनी उकिडवे बसून ओंजळ केली, जशी मोझेसच्या बापाने त्यांच्या अंगणात हजारदा केली होती.

मरिया तांब्या भरून घेऊन आली. “भांड्यानं प्या, पाटील. आमच्यात माणसाला वरनं वतत न्हाईत.”

त्यांनी तांब्या तोंडाला लावला. मोझेस त्यांचे पिणे होईपर्यंत थांबला.

“माजा हात मोडला म्हनून बैल काढायला आलो न्हाई, आसं समजू नका. धड असता तरी आलो नसतो.”

“ठावं हाय.”

“पोराला कोपरगावला धाडलंय, फौजदाराकडं. फिर्याद दिलीया. पानी मी कुनालाबी देईन. पन झालं ते झालंच न्हाई, आसं म्हननार न्हाई.”

आबासाहेबांनी रिकामा तांब्या मरियाच्या हातात परत दिला. “फौजदार येतील तवा मीच सांगन. आसूड माजा, हात माजा. गोरक्षाचं बी सांगन.”

आणि त्यांनी सांगितले. शिक्षाही भोगली.

नेमक्या त्याच सुमारास दिल्लीत घटनासमिती अस्पृश्यता नष्ट झाल्याचे कलम मंजूर करीत होती. कलम चांगले आहे. पण ते पिंपळटाकच्या विहिरीत उतरून बैल काढणार नव्हते. नागरिकहो, प्रत्येक गावाच्या पाण्यात असा एक हरण्या फुगून तरंगतो आहे, आणि आपण दुसऱ्या कडेने घागर भरून, नीट गाळून, पिढ्यान्‌पिढ्या पीत आहोत. आपले मढे दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन कोणी शुद्ध होत नाही. ते ज्याचे त्यानेच उतरून काढले पाहिजे. आणि ज्याला आपण पायरीखाली उभे केले, त्याच्या दारी एक दिवस तहानलेले जावे लागले, तर त्याने भांड्याने पाणी द्यावे अशी आशा धरण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याने ते दिले, तर तो त्याचा मोठेपणा आहे, आपला नव्हे.