फीत नसलेली कॅसेट

गाडीचे चारही दरवाजे सताड उघडे होते आणि भोवती माणसांची अशी दाटी होती, की आत कुणी बाळंत होत असावं असं लांबून वाटलं असतं. गाडी जुनीपुराणी, रंग उडालेली. तिच्या बॉनेटवर पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडून ठेवलेल्या. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, पाय बाहेर सोडून, गुळगुळीत दाढी केलेले ध्वनिबाबा बसलेले.

"बघा!" त्यांनी हात उंच केला. हातात एक कॅसेट होती. "डोळे फाडून बघा. हिच्यात फीत आहे?"

"नाही!" लोक ओरडले.

"असं लांबून नाही. कुणीतरी पुढे या. ओ मास्तर, तुम्ही या! तुम्ही शिकलेले. शिकलेल्या माणसाला दोन गोष्टी लवकर होतात, शंका आणि पित्त."

हशा पिकला. मास्तर म्हणजे मी. हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बंद पडलेल्या गोदामाच्या त्या आवारात मी काही हौसेनं गेलो नव्हतो. माझी मावशी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसली होती, तिला घरी न्यायला गेलो होतो.

मी कॅसेट हातात घेतली. दोन्ही चकत्या मोकळ्या, मधल्या खिडकीतून आरपार दिसत होतं. एका कडेला चंदेरी कागद चिकटवलेला. फितीचा मागमूस नव्हता.

"आहे फीत?"

"नाही," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला मास्तर, वर्गात असता तसं!"

"नाही!"

बाबांनी कॅसेट गाडीतल्या डेकच्या तोंडात सरकवली. खट्ट. आधी नुसती खरखर झाली. मग चारही दरवाजांतून एका पुरुषाचं खोकणं ऐकू आलं आणि पाठोपाठ शब्द आले, "काय गं, जेवलीस का?"

"अहो!" गर्दीतून शिवणकाम करणाऱ्या बाईंनी टाहो फोडला. त्यांचे यजमान गेल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"फीत म्हणजे माया!" बाबा गरजले. "ती तुटते, गुंतते, डेकमध्ये अडकते. आत्म्याला फीत लागत नाही. आत्मा चुंबकीय असतो! मी काहीच करत नाही बरं. मी नुसता भोंगा आहे. बोलणारा वेगळा, वाजवणारा वेगळा."

आता माझ्या मावशीचं सांगतो. तिला मधुमेह. काका, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हापासून तिनं स्वतःकडे लक्ष देणं सोडलं. पायाला चपलेनं साधं खरचटलं, त्याची जखम झाली, ती चिघळली आणि अंगठा काळानिळा पडला. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, अंगठा काढावा लागेल, नाहीतर पुढे पाऊल जाईल. मावशी तयारही झाली होती. पण आधीच्या बैठकीत याच गाडीतून काकांचा आवाज आला, "त्या डॉक्टरकडे आता जाऊ नकोस. घरीच थांब. मी आहे ना." झालं! मावशीनं पट्टी सोडून टाकली आणि बॉनेटवरच्या बाटलीतल्या पाण्यानं, ज्याला तिथं ध्वनिजल म्हणत, जखम धुवायला लागली.

म्हणून त्या दिवशी मला राहवलं नाही. मी ओरडलो, "डिकी उघडा! आत माणूस लपवलाय!"

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमानं हसले आणि त्यांनी किल्लीच माझ्या हातावर ठेवली. मी डिकी उघडली. आत एक जॅक, एक गुळगुळीत झालेलं टायर आणि एका पायाची चप्पल.

"मास्तर, इंजिनातही बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "एखादा आत्मा पिस्टनला लटकला असेल!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र तोंडघशी पडलो तो पडलोच. मावशीला मी रिक्षानं घरी नेलं. दारात आल्यावर म्हणाली, "चारचौघांत माझी मान खाली घालायला लावलीस."

"मावशी, अगं तो भोंदू आहे."

"असेल. पण आवाज यांचा होता. चाळीस वर्षं ऐकलाय मी तो. 'मी आहे ना' म्हणताना ते 'ना' लांबवायचे, ते त्या बाबाला कुठून कळणार?"

"पण अंगठा... डॉक्टरबाई म्हणाल्या ना..."

"डॉक्टरबाईंनी यांना वाचवलं का?"

तिनं पाय स्टुलावर ठेवला आणि बाटलीचं झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना गाठला. डॉक्टरबाई म्हणजे चाळिशीतल्या, तोंडानं फटकळ, हातानं हलक्या. सगळं ऐकून त्यांनी स्टेथोस्कोप टेबलावर टाकला. "त्या येत नाहीत तर मी जाते. बसा गाडीत."

त्यांची गाडी बाबांच्या गाडीची सख्खी बहीण शोभावी इतकी जुनी होती. वडिलांची आठवण म्हणून विकली नव्हती. त्यांनी किल्ली फिरवली आणि झकास गाणं सुरू झालं. अगदी नवं, माझी पोरं घरात वाजवून डोकं उठवतात ते. मी ऐकत होतो आणि ऐकता ऐकता माझी नजर डॅशबोर्डवर गेली. कॅसेटचा डेक. तोंडात कॅसेट.

"डॉक्टर, हे गाणं कॅसेटवर मिळतं?"

"आता कुठली कॅसेट? फोनवर चाललंय."

"मग डेकमध्ये काय आहे?"

मी बटण दाबलंसुद्धा. कॅसेट बाहेर आली, गाणं थांबलं. मी ती उजेडात धरली. आरपार दिसत होतं. फीत नव्हती!

"अहो सर, हळू! मोडाल," त्या म्हणाल्या. "डेक काढून नवा बसवायचा तर वडिलांच्या गाडीचा अख्खा डॅशबोर्ड कापावा लागला असता. म्हणून ही घेतली. बाजारात मिळते."

"पण वाजते कशी? फीतच नाही तर?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नववीच्या वर्गाकडे पाहतो. "फितीवर गाणं थोडंच चिकटवलेलं असतं? फितीवर असतात चुंबकाचे चढउतार. फीत डेकमधल्या हेडसमोरून सरकते, हेड ते चढउतार वाचतं, त्याचा आवाज होतो. आता त्या हेडला डोळे आहेत का? समोर फीत आहे की आणखी काही, त्याला काय कळणार? या कॅसेटमध्ये, बघा, फितीच्या जागी हा धातूचा तुकडा आहे. हेही एक हेडच. फोनवरून आवाज बिनतारी येतो, हे हेड तसेच चढउतार तयार करतं आणि डेक बिचारा इमानेइतबारे वाचत राहतो. इथं दिवा, इथं चार्जिंगचं भोक."

दिवा आणि भोक. बाबांच्या कॅसेटवर नेमका तिथंच चंदेरी कागद होता.

"चुंबकत्वाचा धडा मी दरवर्षी शिकवतो," मी म्हणालो.

"शिकवता ना? मग डिकीत काय शोधत होता?"

मावशीनं त्यांना चहा दिला, पण पायाला हात लावू दिला नाही. "यांनी जा म्हटलं तरच येईन, डॉक्टरबाई. राग मानू नका." डॉक्टरबाईंनी खाली वाकून जखमेचा नुसता वास घेतला. परत गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाल्या, "वेळ फार नाही, सर. पण मेलेल्या माणसाचा खरा आवाज हा आणतो कुठून?"

तेव्हा मला टोपली आठवली. बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाला आपला फोन टोपलीत ठेवावा लागे, तोही कुलूप काढून. 'कुलूपबंद फोन म्हणजे कुलूपबंद मन,' असं बाबांचं वचनच होतं. मग एक चष्मेवाला शिष्य ती टोपली शुद्धीकरणासाठी मागच्या तंबूत न्यायचा आणि बाबांचं प्रवचन रंगात येईपर्यंत काही परतायचा नाही. ज्यांच्या माणसानं हयातीत फोनवर निरोप म्हणून कधी आपला आवाज रेकॉर्ड करून धाडलाच नव्हता, त्यांना बाबा सांगायचे, "त्यांचं सध्या मौन चालू आहे."

पुढच्या बैठकीला डॉक्टरबाई डोक्यावरून पदर घेऊन आल्या. टोपलीत त्यांनी एक जुना, निकामी फोन टाकला. खरा फोन पर्समध्ये होता आणि प्रवचनभर तो बाबांची नेहमीची वचनं शब्द न् शब्द टिपून घेत होता. मावशी पहिल्या रांगेत. मी यावेळी तोंड मिटून मागे.

बाबांनी कॅसेट उंच धरली. "हिच्यात फीत आहे?"

"नाही!"

"माझ्याही कॅसेटमध्ये नाही, बाबा," डॉक्टरबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपली कॅसेट वर केली. "वडिलांच्या गाडीतली आहे. त्यांचा आवाज ऐकायचाय. आज हीच लावा ना."

बाबांचं हसू जरा घसरलं. "बाई, ही कॅसेट मंतरलेली आहे. कुठलीही कॅसेट..."

"पण तुम्हीच म्हणालात, आत्म्याला फीतसुद्धा लागत नाही. मग त्याला ठरावीक कॅसेट कशी लागेल?"

"बरोबर बोलतात बाई," कुणीतरी म्हणालं. "लावा ना बाबा, होऊन जाऊ दे!" गर्दीला चमत्काराची चटक लागली की ती देवाचंही ऐकत नाही, बाबांचं कुठलं ऐकणार? दोघातिघांनी डॉक्टरबाईंना पुढे ढकललं. त्यांनीच एका हातानं कॅसेट डेकमध्ये सरकवली, दुसरा हात पर्समध्ये. खट्ट.

खरखर झाली. आणि चारही दरवाजांतून खणखणीत आवाज आला:

"मी काहीच करत नाही बरं. मी नुसता भोंगा आहे. बोलणारा वेगळा, वाजवणारा वेगळा."

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग एक आजोबा घाबऱ्या आवाजात म्हणाले, "अरे, हा तर बाबांचा आत्मा! बाबा, तुम्ही गेलात की काय?"

"आहे, आहे मी!" बाबा ओरडले आणि गाडीतून बाहेर पडताना त्यांचं डोकं दरवाजाच्या चौकटीवर आपटलं. जिवंत असल्याचा याहून चांगला पुरावा त्यांना देता आला नसता.

डॉक्टरबाईंनी पर्समधून फोन काढला. त्यावर बोट ठेवलं, बाबांचा आवाज थांबला. पुन्हा ठेवलं, 'मी नुसता भोंगा आहे' पुन्हा सुरू झालं. मग त्यांनी मला सांगितलं होतं ते सगळं साध्या शब्दांत लोकांना सांगितलं आणि बाबांच्या कॅसेटवरचा चंदेरी कागद सोलून काढला. खाली लुकलुकणारा निळा दिवा निघाला.

"यंत्र हे निमित्त असतं!" बाबा अजून झुंजत होते.

"मग निमित्ताला चार्जिंग का लागतं?" शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या आणि कुणाची वाट न पाहता तंबूत शिरल्या. चष्मेवाला शिष्य टोपलीपुढं मांडी घालून बसला होता, कानात इअरफोन, एका हातात स्वतःचा फोन आणि दुसऱ्या हातात, नेमका, त्यांचाच. बाईंनी फोन हिसकावला. टोपली उचलून बाहेर आणली.

मावशी उठली, लंगडत पुढे आली आणि टोपलीतून तिनं आपला फोन घेतला. काकांनी धाडलेले आवाज ती एकेक करून लावू लागली. मी मदतीला गेलो तर तिनं हातानंच थांबवलं. 'भाजी आणतो.' 'किल्ली शेजारी ठेवलीय.' मग तो सापडला.

"त्या डॉक्टरकडे आता जाऊ नकोस, रस्ता खणून ठेवलाय, रिक्षा आतपर्यंत जात नाही. घरीच थांब. मी आहे ना. संध्याकाळी लवकर येतो, मग दोघं जाऊ. पण आज जायचंच हं, टाळाटाळ चालणार नाही."

मावशीनं तो आवाज पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग ती बाबांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"माझा अंगठा कापू दिला नाहीस," ती म्हणाली, "आणि माझ्या माणसाचं बोलणं कापलंस."

बाबा डोक्याचं टेंगूळ चोळत गाडीच्या आड सरकले. मावशी डॉक्टरबाईंकडे पाहून म्हणाली, "चला. यांनी जायला सांगितलंय." आणि माझा हात धरून त्यांच्या गाडीत जाऊन बसली. रडली ती गाडीत. डॉक्टरबाईंनी गाणं लावलं नाही.

अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं. पाऊल वाचलं. आधी आली असती तर ते बोटही वाचलं असतं, हे डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं, लपवलं नाही. बाबा आणि शिष्य पोलिसांच्या ताब्यात गेले आणि काही दिवसांनी सुटलेही. ऐकतो, की हल्ली कुठल्याशा गावात एक बंद पंखा भविष्य सांगू लागला आहे. आमच्याकडेही सगळे शहाणे झाले असं समजू नका. ते आजोबा अजून म्हणतात, "यंत्र होतं हे खरं, पण बाबांच्या हातात असताना आवाज जास्त गोड यायचा." आणि एकानं डॉक्टरबाईंना खासगीत विचारलं, की ही कॅसेट कुठं मिळते, त्याच्याही जुन्या गाडीत गाणी लावायची आहेत. मला विचाराल तर त्या दिवशीचा सर्वांत समजूतदार प्रश्न तोच.

गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटणं ही अंधश्रद्धा नव्हे. ती माया आहे, आणि तिची लाज वाटायचं काही कारण नाही. मावशी आजही काकांचे ते आवाज ऐकते, तिच्या फोनवर, तिच्या खोलीत, अख्खेच्या अख्खे. पण त्या मायेवर जो दुकान थाटतो, त्याला प्रश्न विचारा. हे कसं होतं, म्हणून विचारा. दुसऱ्या यंत्रावर करून दाखव, म्हणून सांगा. पहिला तर्क चुकला, लोक हसले, तरी दुसरा करून पाहा. तो म्हणेल इथं बघा, तेव्हा तिथं जरूर बघा, पण त्याच वेळी तुमचा फोन घेऊन कोण कुठं चाललंय तेही बघा. आणि पायाला जखम झाली, तर कुणाच्याही आवाजाची वाट न पाहता डॉक्टरकडे जा.