एका पानावरची फसवाफसवी

मी शब्दांची वही बोलतेय. खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. वहीने आपल्यात लिहिलेलं दाखवावं, घरातलं बोलू नये. पण राहवत नाही.

मी दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. माझी मालकीण नववीत आहे. वर्गात ती तोंड उघडत नाही. बोलायचं ते माझ्याशीच. तिच्या इंग्रजीच्या बाईंची एक पद्धत आहे. एका पानावर एकाच अर्थाचे दहा शब्द, आणि प्रत्येकाचं वाक्य स्वतःच्या घरातलं. गाइडमधलं वाक्य दिसलं की तांबडी काट. शनिवारी पानाखाली वडिलांची सही.

या आठवड्याचा अर्थ होता फसवणे. चीट, ट्रिक, ब्लफ, डूप, हूडविंक. मुलगी शब्द लिहायची आणि शेजारी बसलेले आजोबा त्याला मराठी जोडीदार शोधून द्यायचे. हूडविंक म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणे. डूप म्हणजे शेंडी लावणे. इंग्रजीत एवढे शब्द आहेत म्हणून आपण काही कमी नाही, असं म्हणत त्यांनी टोपी घालणे, गंडवणे, मामा बनवणे, हातावर तुरी देणे अशी रांगच लावली.

आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, चाळीस वर्षांचं. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली. भिंग लावूनही केसासारखी स्प्रिंग नीट दिसेना, आणि दुरुस्त केलेली घड्याळं परत येऊ लागली. तेव्हा मुलीच्या बाबांनी एक युक्ती काढली. संध्याकाळी आजोबा घड्याळांची पेटी घरी आणून ठेवतात आणि फिरायला जातात. तेवढ्या वेळात टपाल कचेरीतून आलेले बाबा पेटी उघडतात, प्रत्येक घड्याळ तपासतात आणि चुकलेलं नीट करून ठेवतात. याच धंद्याच्या कंटाळ्याने त्यांनी कचेरी गाठली होती. पहिल्या महिन्यात त्यांनी तीन काटे मोडले. आईला हे माहीत आहे, मुलीलाही. आजोबांना कळलं तर ते दुकानाला कुलूप लावतील आणि मग अंथरूण धरतील, अशी बाबांची भीती.

डिसीव या शब्दाला मुलीला दुसरं वाक्यच सुचेना. तिने पेन्सिलीने हेच लिहून टाकलं. नंतर आजोबांनी रोजच्यासारखं तिला पान वाचून दाखवायला आणि अर्थ सांगायला लावलं. डिसीवपाशी ती अडखळली आणि ऐनवेळी काहीतरी जुळवून म्हणाली, आमचं मांजर आईला फसवून दूध पितं.

"आपल्याकडे मांजर कधी होतं?" आजोबांनी विचारलं.

मुलगी लाल झाली.

"घड्याळांचं लिहिलंस ना, मास्तरीणबाई?"

त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. चाळीस वर्षं ज्या पेटीत हात घातला, तिच्यातला चिमटा वीतभर सरकला तरी बोटांना समजतं.

"तेव्हाच बोललो असतो तर त्याने त्याच दिवशी अंग काढून घेतलं असतं. आता बघ, हात बसलाय त्याचा. परवा मी मुद्दाम एक चाक उलटं बसवलं होतं. सापडलं त्याला."

"आणि नसतं सापडलं तर?"

"गिऱ्हाईक आलं असतं भांडायला. त्याशिवाय कुणी शिकतं का?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्याला सांगू नकोस हं. त्याला वाटतं, तो मला सांभाळतोय. वाटू दे."

ते गेल्यावर मुलीने वाक्य खोडलं आणि त्यावर नसलेल्या मांजराचं लिहिलं. पण ती पेन्सिल दाबून लिहिते. खोडरबराने अक्षरं गेली, खाचा राहिल्या. आणि दोन वर्षांत बाबांची बोटंही तयार झाली आहेत. मुलगी मला रोज आजोबांना वाचून दाखवते, हे त्यांना ठाऊक आहे. आजोबांना कळलंय का, असं त्यांनी विचारलं, तर हिला खोटं बोलता येत नाही. मग उद्यापासून पेटीत चूक कोण ठेवणार, आणि ती शोधायला कोण बसणार?

आज शनिवार. बाहेरून आईची हाक आली, "वही घेऊन ये गं, बाबा खोळंबलेत." मुलीने मला उचललंय. माझं एवढंच मागणं आहे, कुणी विचारलं तर मी काही बोलले नाही, आणि तुम्हीही काही ऐकलं ना—